अर्धी दाढी

आरोग्य केंद्रातल्या प्रशिक्षणाहून रेडिओ परत आला तो हातात एक पिवळं कार्ड आणि अंगात नवं वारं घेऊन.

रेडिओ म्हणजे दोन खुर्च्यांच्या सलूनमधला धाकटा भाऊ. हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं, कारण सकाळी शटर वर गेलं की त्याच्या तोंडाचा पट्टा जो सुरू व्हायचा तो शटर खाली येईपर्यंत. पहिल्या खुर्चीवर थोरला. त्याला सगळा बाजारच दादा म्हणायचा. दादा दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलायचा. त्यातली दहा 'मान खाली' आणि उरलेली दहा 'मान वर'. ज्यांना केस नीट कापून हवेत ते दादाकडे, ज्यांना करमणूक हवी ते रेडिओकडे, अशी सरळ वाटणी कधीचीच झालेली होती. रेडिओला ती झोंबायची, पण तो ते बोलून दाखवायचा नाही. त्याच्या आयुष्यातल्या न बोललेल्या दोन-तीन गोष्टींपैकी ही एक.

प्रशिक्षणाची कल्पना केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंची. त्यांचं म्हणणं असं की पुरुषमाणूस दवाखान्याची पायरी चढतो तो हाड मोडल्यावर, पण महिन्यातून एकदा तो कुणापुढे तरी मुकाट डोकं टेकवतो, आणि तो कुणीतरी म्हणजे सलूनवाला. म्हणून त्यांनी तीसेक सलूनवाल्यांना बोलावून अर्धा दिवस शिकवलं. नैराश्य म्हणजे काय, ते पुरुषांत कसं दिसतं, कुणाला केंद्रात पाठवायचं.

"मी उदास आहे असं फार थोडे पुरुष म्हणतात," बाई म्हणाल्या होत्या. "ते चिडतात. नाहीतर कामात डोकं खुपसतात. पाठ धरलीय म्हणतात, पित्त झालंय म्हणतात, गाडी वेड्यासारखी हाणतात. तेव्हा नुसतं ऐकू नका, बघा. आधी कसा होता आणि आता कसा आहे, एवढं बघितलंत तरी पुष्कळ झालं."

कार्डावर नऊ प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागते, भूक लागते का, कशात मन रमतं का, असे. प्रत्येकाला शून्यापासून तीनपर्यंत गुण. नववा प्रश्न मरणाचा. हे प्रश्न जोडीजोडीने एकमेकांना विचारायचा सराव होता. रेडिओच्या वाट्याला बस थांब्याजवळचा सलूनवाला आला, ज्याच्या स्वतःच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता. रेडिओने आठ प्रश्न एका दमात विचारले आणि नवव्याला त्याला खुदकन हसू फुटलं.

"हसू आलं तरी चालेल, पण विचारा," बाई म्हणाल्या. "सरळ विचारा. विचारल्याने नसलेला विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. असलेला बाहेर यायला वाट मिळते."

रेडिओने मान डोलावली आणि नववा प्रश्न काही विचारला नाही.

सलूनमध्ये मात्र त्याने धडाकाच लावला. कार्ड आरशाच्या चौकटीत खोचलं आणि बसेल त्याची तपासणी सुरू केली. नळ दुरुस्तीवाला आला, त्याच्या दोन्ही गालांना फेस लावून रेडिओने विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत जगण्यात रस वाटतो का?" गळ्यावर पातं असताना माणूस काय बोलणार? त्याने डोळे मोठे केले, तर रेडिओने भीतीचे दोन गुण धरले. जोड्यांच्या दुकानदाराने जांभई दिली, त्याला थकव्याचे तीन. निवृत्त झालेले गणिताचे सर तर बेरजेवरूनच उखडले.

"सहा आणि पाच किती?" सर आरशातून कडाडले.

"अकरा."

"मग बारा का लिहिलेस? एका गुणाने मला वेडा ठरवतोस होय रे?"

"वेडा नाही सर. नैराश्य."

"ते मला तुझ्या गणितामुळे येणार आहे!"

सगळं सलून हसलं. दादा हसला नाही. त्याने हातातली कात्री टेबलावर आपटली आणि म्हणाला, "डोक्याच्या बाहेरून काम करायचं आपलं. आतलं बघायला डॉक्टर आहेत. केस काप!"

एवढ्या मोठ्याने की पुढचा फळवालाही डोकावून गेला. रेडिओने मान खाली घालून केस कापले, पण मनात म्हणाला, बघा, माझं कुणीतरी कौतुक करतंय हे बघवत नाही याला.

खरं तर दादाचं गेले चार-पाच महिने हे असंच चाललेलं होतं. ज्या माणसाचा आवाज घरच्यांनाही कान देऊन ऐकावा लागायचा तो आता उठसूट कुणावर ना कुणावर डाफरत होता. टॉवेल ओला का, पंखा कुणी लावला, हा रस्ता असा कसा खणून ठेवलाय. सलून आठला उघडायचं, तो सहालाच येऊन बसायचा. बसायचा तरी कसलं? आरसे पुसायचा. पुसलेले परत पुसायचा. एकदा त्याने स्वतःची खुर्ची पार खोलून तिचा दांडा, स्क्रू, पंप सगळं जमिनीवर मांडलं, तेल घालून जोडलं आणि दुसऱ्या दिवशी परत खोललं. "आवाज करते," म्हणाला. रेडिओने कान लावून ऐकलं. खुर्ची काही आवाज करत नव्हती.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की दादा बाकावर टेकायचा आणि त्याचा उजवा पाय हलायला लागायचा. टाच जमिनीवर टकटक, टकटक. बाक हलायचा, बाकावरचं वर्तमानपत्र हलायचं, रेडिओचं डोकं उठायचं.

"दादा, पाय."

"काय पाय?"

"हलतोय."

"माझा पाय आहे, हलेल."

जेवणाचा डबा तसाच घरी जायचा. पोटात जळतं म्हणायचा, गोळ्या खायचा. वहिनी बेकरीत कामाला. एकदा ब्रेड द्यायच्या निमित्ताने आल्या आणि दाराशीच हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं काही वाजलंय का यांच्याशी? घरात पाय ठेवल्यापासून भिंतीशीही भांडतात."

"वय झालं वहिनी. पन्नाशीत पुरुष कटकटी होतो," रेडिओ म्हणाला. पाठीमागे चौकटीत पिवळं कार्ड खोचलेलं होतं. पण कार्ड गिऱ्हाइकांसाठी होतं. घरच्या माणसाला काय विचारायचं? आणि तेही दादाला, ज्याने रेडिओला हातात कात्री धरायला शिकवली?

मग एक दिवस दादाच्या हातून शाळेतल्या शिपायाचा कान कापला गेला. थोडासाच, पण तीस वर्षांत पहिल्यांदा. रक्त बघून शिपाई दचकला, तर दादाच त्याच्यावर ओरडला, "हलतोस कशाला?" रेडिओ तुरटीचा खडा घेऊन धावला, शिपायाची समजूत काढली, फुकटात मसाज करून दिला. मागे वळून बघतो तर दादा बेसिनपाशी उभा राहून हात धूत होता. नळ वाहत होता आणि तो धूतच होता. रेडिओला वाटलं, जाऊन पाठीवर हात ठेवावा. पण इतक्या वर्षांत त्याने दादाच्या पाठीवर हात ठेवलेला नव्हता, आणि ते कसं करतात ते त्याला ठाऊक नव्हतं. तो शिपायाला जोक सांगत राहिला.

आणि त्यानंतर आठवड्याभरातच सगळं निवळलं.

एका सकाळी दादा आला तो आठ वाजता, नेहमीच्या जुन्या वेळेला. ओरडला नाही. सरांचं बेरजेबद्दलचं रडगाणं शांतपणे ऐकून घेतलं. शिपाई रस्त्यावरून चालला होता, त्याला हाक मारून आत बोलावलं आणि माफी मागितली. दुपारी बाकावर बसला तर पाय नाही, काही नाही. टाच जमिनीला टेकलेली. रेडिओचा जीव भांड्यात पडला. गाडी रुळावर आली एकदाची, असं तो आल्यागेल्याला सांगत सुटला.

तीन दिवसांनी दादाने त्याच्या हातात एक वही ठेवली. शाळेत वापरतात तसली, लाल पुठ्ठ्याची. आत त्याच्या बारीक अक्षरात सगळी नेहमीची गिऱ्हाइकं होती. माणसं कमी, डोकीच जास्त. 'सर – दोन भोवरे, मागच्या बाजूला मशीन लावू नये. नळवाला – डाव्या कानामागे जुना टाका, वस्तरा जपून. जोडेवाला – टक्कल पडतंय, त्याबद्दल बोलू नये.' अशी शंभरावर डोकी.

"हे कशाला?" रेडिओ म्हणाला.

"असू दे. मला पाठ आहे, तुला नाही."

"म्हणजे आता तुझी गिऱ्हाइकं मी कापायची? त्यांना चालेल?"

"चालवून घेतील. तुझा हात चांगला आहे." दादाने हातातल्या टॉवेलाची घडी घातली. "मी कधी म्हणालो नाही. पण चांगला आहे."

रेडिओ, तोंडाचा पट्टा ज्याचा कधी थांबला नाही तो रेडिओ, त्या दिवशी अर्धा तास गप्प होता. हे एक वाक्य ऐकायला त्याने वीस वर्षं वाट बघितली होती.

आणि रविवारी शटर ओढायच्या वेळी दादाने खिशातून वस्तरा काढला. बापाचा वस्तरा. काळ्या मुठीचा, पातं घासून घासून निम्मं झालेलं. गिऱ्हाइकांना आता बदलायची पाती वापरायचे, हा वस्तरा फक्त सोमवारचा. सोमवारी सलून बंद. बापाचा दंडक होता की आपल्या धंद्यातल्या माणसाने स्वतःची दाढी स्वतः करू नये, म्हणून दर सोमवारी सकाळी बंद सलूनमध्ये दोघं भाऊ एकमेकांची दाढी करायचे. आधी दादा रेडिओची, मग रेडिओ दादाची. पण काम झालं की वस्तरा पुसून दादाच्याच खिशात. तो रेडिओने मागितला नव्हता असं नाही. तीनदा मागितला होता, तीनदा 'नाही' ऐकलं होतं.

"घे. तुझा," दादा म्हणाला.

"आणि तू?"

"मला काय करायचाय." दादा हसला. छान हसला. "आणि उद्या तुझी ती सभा आहे ना केंद्रात? जा तू. दाढीचं राहू दे."

रेडिओ घरी गेला तो हवेत. त्याने वस्तरा बायकोला दाखवला, सासऱ्यांना फोन करून सांगितलं, उशाशी ठेवून झोपला. थोरल्याने धाकट्याला शेवटी मानलं. यापेक्षा वेगळं काही त्याच्या मनात आलं नाही. असं मन आणि असा माणूस, दोन्हीचा राग यावा, पण आपण त्याच्या जागी असतो तर आपणही तेच केलं असतं.

सोमवारी केंद्रात सलूनवाल्यांची दुसरी सभा भरली. प्रत्येकाने काय काय पाहिलं ते सांगायचं होतं. बस थांब्याजवळचा टक्कलवाला उठला आणि म्हणाला, "मी एकच माणूस पाठवला. रिक्षावाला. तो आता येतोय इथे." आणि खाली बसला. रेडिओला ते फारच मिळमिळीत वाटलं. त्याने उभं राहून घसा खाकरला.

"एकूण तपासले एक्केचाळीस. पाठवले सतरा."

"सतरापैकी नऊ आले," डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या. "एकाची दाढ दुखत होती. आणि गणिताचे सर तुमच्याबद्दल तक्रार घेऊन आले होते, पण तासभर बोलत बसले. तेही कामाचंच झालं."

सगळ्यांनी मिळून रेडिओची बिनपाण्याने केली. त्यालाही हसू आलं. चहाच्या वेळी त्याने खिशातला वस्तरा काढून टक्कलवाल्याला दाखवला. जुना माल बघून आणखी चार-सहा जण जमले. कुणी मूठ बघितली, कुणी पात्यावर अंगठा फिरवला. बाईही कप घेऊन तिथे आल्या.

"बापाचा," रेडिओ सांगत होता. "इतकी वर्षं दादाने हात लावू दिला नाही. काल आपणहून दिला."

"अरे वा," बाई म्हणाल्या. "काही खास निमित्त?"

"निमित्त कसलं? मनात आलं, दिला. त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांची डोकी पण वहीत लिहून दिली मला."

बाईंनी कप खाली ठेवला. "ते सलून सोडून कुठे जाणार आहेत का?"

"छे! तो कुठे जातोय?"

"तब्येत कशी आहे त्यांची?"

"आता मस्त. मध्यंतरी जरा बिनसलं होतं. चार-पाच महिने नुसता चिडचिड करायचा. जेवण नाही, झोप नाही, पहाटेच सलूनमध्ये येऊन बसायचा. पोटात जळतं म्हणायचा. पाय तर असा हलवायचा की..."

बोलता बोलता रेडिओला स्वतःचा आवाज ऐकू आला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. झोप, भूक, चिडचिड, पित्त, कामात डोकं खुपसणं. तो कार्ड वाचून दाखवत होता आणि एकेका प्रश्नाला तीन-तीन गुण पडत होते.

"आणि मग?" बाईंनी हळूच विचारलं.

"मग गेल्या आठवड्यात एकदम शांत झाला," रेडिओ म्हणाला. "एकदम. सगळ्यांशी गोड वागला. माफी मागितली."

टक्कलवाल्याने वस्तरा मिटून त्याच्या हातात परत ठेवला.

"माणसाने ठरवून टाकलं की कधीकधी अशी शांतता येते," बाई म्हणाल्या. "तसंच असेल असं नाही. पण आत्ता जा. एकटं सोडू नका. सरळ विचारा आणि इकडे घेऊन या. मी इथेच आहे. तुमच्याने जमलं नाही तर मला फोन करा, मी येते."

रेडिओने वस्तरा खिशात कोंबला. त्याने जिना उतरतानाच वहिनींना फोन लावला.

"दादा कुठाय?"

"मी बेकरीत यायच्या जरा आधी बाहेर पडले. अहो भाऊजी, काय सांगू! सकाळी माझी सायकल पुसून दिली, चेनला तेल घातलं. निघताना दारात थांबून म्हणाले, तुला फार त्रास दिला मी. इतक्या दिवसांनी माणसात आले हो."

"कुठे गेला?"

"सलूनची किल्ली घेतली होती. का हो? काय झालं?"

"वहिनी, तुम्ही आरोग्य केंद्रात या. आत्ता. बेकरीत सांगा आणि या. मी त्याला घेऊन येतो."

आणि मग तो पळाला. बाजारातला रस्ता अजून खणलेलाच होता. मातीचे ढीग, फळ्या, पाइप. एका फळीवरून त्याचा पाय सटकला, गुडघा फुटला, तो उठून परत पळाला. कुणीतरी ओरडलं, "काय रेडिओ, स्टेशन सुटलं का?" तो थांबला नाही. डोक्यात एकच चाललेलं. काल तो हसला होता. मी वस्तरा उशाशी घेऊन झोपलो. तो हसला आणि मी झोपलो.

शटर अर्धं वर होतं. रेडिओ वाकून आत शिरला.

दादा होता. फरशी पुसून लख्ख केलेली, कात्र्या ओळीने मांडलेल्या, टॉवेल घड्या करून रचलेले. अंगात इस्त्रीचा शर्ट. त्याने गल्ल्याशेजारी सलूनची किल्ली ठेवली होती आणि नेमका दाराकडेच यायला निघाला होता.

"सभा संपली?" दादाने विचारलं.

"हो. तू कुठे चाललास?"

"जरा फिरून येतो."

रेडिओला दम लागला होता. सरळ विचारा, बाई म्हणाल्या होत्या. त्याने तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते भलतंच. "असा? दाढी न करता? बाप वरून शिव्या देईल. बस."

"राहू दे म्हटलं ना."

"बस दादा. मग हा वस्तरा मी कुणावर चालवू? सोमवार आहे. बस."

दादाने घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, गुडघ्यातून आलेल्या रक्ताकडे. काय वाटलं कुणास ठाऊक, तो खुर्चीत बसला.

रेडिओने गळ्याला कापड बांधलं. गरम पाणी नव्हतं, गार पाण्यातच साबण घोळवला. नेहमीपेक्षा जास्तच वेळ ब्रश फिरवत राहिला. आणि तोंड? तोंड आपलं सुरू. सरांची तक्रार, दुखरी दाढ, टक्कलवाला, खणलेला रस्ता. दादा आरशातून त्याच्याकडे शांतपणे बघत होता आणि रेडिओ आरशातल्या त्या तोंडाशी बोलत होता. गिऱ्हाइकाशी असंच बोलतात. बापाने तेच शिकवलं होतं, दोघांनाही. त्याच्या लक्षात आलं की वीस वर्षं आपण या माणसाच्या शेजारी उभे आहोत, पण बघितलंय त्याला ते आरशातच.

"मान वर," रेडिओ म्हणाला.

दादाने मान वर केली. गळ्यावरची निळसर शीर उडत होती. रेडिओने उजवा गाल केला, उजवी बाजू हनुवटीपर्यंत साफ केली. चार मिनिटांत डावीही झाली असती. मग दादा उठला असता, 'छान' म्हणाला असता आणि फिरायला गेला असता.

रेडिओने वस्तरा धुतला, पुसला, मिटला आणि स्वतःच्या खिशात घातला.

"झाली?" दादा म्हणाला.

"नाही."

त्याने खुर्चीचा खटका दाबला आणि खुर्ची गर्रकन फिरवली. आरसा दादाच्या पाठीमागे गेला. रेडिओ फुटक्या गुडघ्यावर खाली बसला. दोघांची तोंडं समोरासमोर आली. दादाचं तोंड फार थकलेलं होतं. डोळ्यांखाली काळं, गालाची हाडं वर आलेली. आरशात हे कधी दिसलं कसं नाही?

हसू येईल असं वाटलं होतं. हसू आलं नाही. आठ प्रश्न त्याने सोडून दिले.

"दादा, तुला मरावंसं वाटतं का?"

बाहेर कुणीतरी पाइपावर हातोडा मारत होतं. दादाने नजर वळवली, पण समोर आरसा नव्हता, नुसती भिंत होती, आणि मध्ये धाकटा भाऊ. मग कापडाखाली त्याचा उजवा पाय हलायला लागला. टकटक, टकटक. जो आवाज ऐकून रेडिओचं डोकं उठायचं तोच आवाज ऐकून त्याला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

"कुणी सांगितलं तुला?" दादा म्हणाला.

"तूच. वहीत."

"वाटतं," दादा म्हणाला. "आज जाणार होतो."

रेडिओने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मला दुःख काही नाही रे," दादा म्हणाला. एवढं सलग तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. "तेच कळत नाही. घर आहे, ती आहे, तू आहेस. पण आत एक मशीन चालू आहे. बंदच होत नाही. बसलो तरी चालू, झोपलो तरी चालू. सगळ्यांवर ओरडतो, मग वाटतं, आपण नसलो तर सगळ्यांना जरा शांत बसता येईल. मग ठरवलं, आणि ठरवलं त्या दिवशी बंद पडलं ते. किती महिन्यांनी रे. इतकं बरं वाटलं."

"आणि मला काय वाटेल?" रेडिओ ओरडला. त्याला रडू आवरत नव्हतं. "त्या वहीचं मी काय करू? दोन भोवरे, मशीन लावू नये! मला नकोत तुझी डोकी! एवढं सगळ्यांचं लिहिलंस, त्यात तुझं कुठाय?"

दादाने कापडातून हात बाहेर काढला आणि रेडिओच्या डोक्यावर ठेवला. काम करतानाचा हात नव्हता तो. नुसताच ठेवलेला, जड.

"चल," रेडिओ नाक पुसत म्हणाला. "बाईंकडे जायचंय. त्या थांबल्यात. वहिनीही येतायत."

"अशा तोंडाने?"

"अशाच."

"पुरी तरी कर."

"नाही करणार," रेडिओ म्हणाला.

दादा उठला. गळ्यातलं कापड काढायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

भर बाजारातून ते दोघं चालत गेले. एका गालाला फेस असलेला, गळ्यात पांढरं कापड बांधलेला दादा, ज्याच्या हाताखालून या बाजारातली निम्मी माणसं नीटनेटकी होऊन गेली होती, आणि त्याचं मनगट धरून लंगडत चाललेला रेडिओ. लोक थांबून बघत होते. खड्ड्यातून नळवाल्याने डोकं वर काढलं.

"काय रे रेडिओ, बॅटरी संपली का मध्येच?"

रेडिओने मान हलवली. मनगट सोडलं नाही. खणलेल्या जागी फळी आली तेव्हा दादा म्हणाला, "जपून, गुडघा," आणि उलट त्यालाच पलीकडे नेलं.

केंद्राच्या पायरीवर वहिनी उभ्या होत्या, अंगावर बेकरीचा ॲप्रन तसाच. त्यांनी दादाच्या गालाकडे पाहिलं, रेडिओच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि काही न विचारता दादाचा दुसरा हात धरला. बाईंनी स्वतः दार उघडलं. आत एक टेबल, तीन खुर्च्या, टेबलावर पिवळं कार्ड. पण बाईंनी ते बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, "बसा. आज घाई नाही. जेवढं सांगता येईल तेवढं सांगा."

रेडिओ बाहेर जायला वळला.

"तू थांब," दादा म्हणाला.

तो थांबला. दारालगतच्या स्टुलावर बसला, एक हात खिशातल्या वस्तऱ्यावर ठेवून, आणि एक अक्षर बोलला नाही. टेबलाखाली दादाचा पाय हलत होता. दादाने डाव्या गालावर हात फिरवला. साबण वाळून कडक झाला होता, त्याचे पापुद्रे गळ्यातल्या कापडावर पडले. त्याने ते झटकले आणि रेडिओकडे वळून पाहिलं.

"ही बाजू उद्या कर," दादा म्हणाला.

रेडिओने नुसती मान हलवली.